धक्क्यावरची हाक
दगडी कोळशाच्या धुराचा वास आला की मला अजून माझगावचा धक्का दिसतो. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. गिरणीतल्या खोकल्याने खंगलेले आमचे हे हवापालटाला आगबोटीने खाडीपलीकडे गावी निघाले होते. ते चढले आणि पाठोपाठ कुणा शेटची घोडागाडी फळ्यांवरून बोटीत चढवली. तिच्याआड ते दिसेनासे झाले. भोंगा वाजला, घोडा बिथरला, फळ्या ओढून घेतल्या, आणि ह्यांच्या भाकऱ्यांचं गाठोडं माझ्याच हातात राहिलेलं! तेवढ्यात ते कठड्याशी पाठमोरे दिसले. मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "अहो! अहो!" बोटीवरचे बाकीचे सगळे पुरुष वळले, हे तेवढे वळले नाहीत. शेजारची कोळीण खेकसली, "अगो, नाव घे ना त्याचा! अहो तं सगलेच हान!" नाव ओठांपर्यंत आलं, पण चारचौघांत नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? बोट गेली. महिन्याभरात गावाहून ते वारल्याचा निरोप आला. आता कुणीही विचारलं की त्यांचं नाव घडाघडा सांगते. विधवेला कोण अडवतंय? त्या नावाने हाक मारायची तेवढी राहून गेली.