पुढं कुणी असलं की

संध्याकाळी माझे पाय सुजतात, चपलेचा पट्टा रुततो, आणि तरी सकाळी पुन्हा त्याच चपला घालून मी नदीकाठच्या गावांना निघते. आरोग्य केंद्रात माझं काम एवढंच, की ज्यांना चालता येत नाही त्यांच्या घरी जायचं, हातपाय हलवून द्यायचे, व्यायाम शिकवायचे, आणि पुढच्या खेपेला ऐकायचं, "वासिती, राहूनच गेलं गं!" मी आता ओरडत नाही. ओरडायलाही अंगात जोर लागतो.

'राहून गेलं' हे एका घरात मात्र कधी ऐकलं नाही. नाइदोवू गावातल्या अलुमिताच्या घरात.

अलुमिता अंगानं किडकिडीत, बोलायला कमी, आणि हसली की आधी तोंडावर हात ठेवणार, कारण पुढचे दात कधीच गेलेले. तिचा मुलगा ऑस्ट्रेलियात फळं तोडायला गेला तो तिकडचाच झाला. सून दुसरं लग्न करून लाउटोका शहरात गेली. मागं राहिली नात, लोसाना. नऊ वर्षांची. जन्मापासून पाय ताठ, एकमेकांत अडकणारे, हात मनाला येईल तिकडे जाणारे. बोलायची सावकाश, एकेक शब्द खेचून, पण जो बाहेर पडायचा तो मिरचीसारखा. एकदा मी तिचे पाय चोळत असताना म्हणाली, "वासिती... तुझेच... चोळ आधी." घ्या! दोन दिवस मला तेच आठवून हसू येत होतं.

अलुमिताचं घर चढावर. शाळा, चर्च, पाण्याचा नळ, नदी सगळं खाली. आमच्याकडे रविवारी चर्चला जायचं नाही म्हणजे मेल्यासारखंच, आणि शाळेत पोरीला बसवून घेणारी बाई चांगली होती. म्हणून रोज ही म्हातारी लोसानाला सुलूच्या, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या कापडाच्या, झोळीत पाठीला बांधून उतरायची आणि पुन्हा चढायची. पाठीवरून लोसाना कान धरून हाकायची. उजवा कान ओढला की उजवीकडे, डावा ओढला की डावीकडे, दोन्ही ओढले की थांब. वाटेत नीरफणसाची झाडं आहेत. प्रत्येक झाडाखाली ही कार्टी दोन्ही कान ओढायची.

"काय आहे गं तिथं?" मी विचारायची.

"पोपट."

मला काही पोपट दिसायचा नाही. "अगं बये, बुबूच्या पाठीचं पार वाटोळं झालंय आणि तू पोपट बघत बसतेस? खाली मान घाल आणि चल गपचूप."

"तू... आंधळी आहेस," लोसाना म्हणायची, आणि तिची बुबू, म्हणजे आजी, तोंडावर हात ठेवून हसायची.

गाव म्हणायचं, अलुमिताला देवानं दोघींचं बळ दिलंय. एकदा असं म्हणून टाकलं की झालं. बळ आहे म्हटल्यावर मदत करावी लागत नाही, हे आमच्या लोकांना बरोबर कळतं.

मग तो अभ्यास आला. ब्रिस्बेनच्या डॉक्टर कॅरल आल्या, राजधानी सुवाहून दोन मदतनीस मुली आल्या, पेट्या आल्या. म्हातारी माणसं किती चालतात, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठतात का, मुठीत किती जोर आहे, हे मोजायचं होतं. आणि ज्या घरात चालता न येणारं मूल आहे तिथं ते मूलही मोजायचं, आणि त्याला उचलणारं माणूसही. कॅरल बाई भली होती, हे मी कुणापुढंही सांगेन. लोसानाच्या शेजारी चटईवर तिनं बैठक मारली, आणि लोसानानं तिचा चष्मा ओढला तेव्हा म्हणाली, "घाल, तुला काय दिसतंय ते मला सांग."

पण त्या अभ्यासाला एक शेपूट होतं. उचलणाऱ्या माणसात जोर राहिला नाही, मूल घेऊन पडायची भीती आहे असं दिसलं, तर डॉक्टरांना ते वरच्या सरकारी कचेरीत कळवणं भाग होतं. आणि कचेरी आधीपासूनच लोसानाच्या मागं लागली होती. सुवाला अशा मुलांचं वसतिगृह आहे. तिथं शाळा, चाकाची खुर्ची, रोज पाय हलवून देणारं माणूस. वाईट काहीच नाही. अलुमिताचं त्यावर एकच उत्तर असायचं, "माझी पाठ आहे तोवर पोरगी पाठीवर." आता त्या पाठीचीच परीक्षा होती.

चर्चच्या हॉलमध्ये मोजणी सुरू झाली ती गोंधळानंच. खुर्च्या मांडल्या, पण बसेना कुणी. कारण बाईसाहेब खाली चटईवर बसल्या होत्या. बाईसाहेब म्हणजे आमच्या थोरल्या सरदारांची विधवा. त्या खाली आणि आपण वर खुर्चीवर, हे कसं व्हावं? शेवटी त्यांना मिनतवारीनं खुर्चीवर बसवलं तेव्हा बाकीची म्हातारी मंडळी टेकली.

मूठ आवळायच्या यंत्रापाशी सेवानाया म्हाताऱ्यानं मला विचारलं, "बायकोची मान समजून आवळू का?"

त्याची बायको मेरेसेइनी मागून म्हणाली, "आवळून तर बघ मेल्या. जेवायला कोण घालतं तेही मोजून घेऊ देत मग."

सगळे खिदळले. मी मुलांच्या कोपऱ्यात होते, लोसानाचे गुडघे सरळ करत. हॉलच्या मध्ये दोन लाल शंकू ठेवून चालण्याची परीक्षा चालली होती. ठरलेला वेळ संपेपर्यंत जमेल तेवढं भरभर चालायचं, एवढाच नियम. पण पुढं गाणाऱ्यांचा सराव होता, हॉल मोकळा करून द्यायचा होता, म्हणून मदतनीस मुलींनी माणसं जोडीजोडीनं सोडली. अलुमिताची जोडी लागली बाईसाहेबांशी.

संपलंच की! बाईसाहेब भारदस्त बाई. त्या मिरवणुकीतल्यासारख्या डुलत चालतात, आणि त्यांना ओलांडून पुढं जायचं हे आमच्याकडे लहान मूलसुद्धा करत नाही. अलुमिता त्यांच्या मागं, वाकून, सावकाश. वेळ संपला.

उरकल्यावर लिंबाच्या पानांचा चहा घेताना कॅरल बाई माझ्याजवळ आली. "वासिती, तुझ्या अलुमिताची चाल फारच कमी आहे गं. ती त्या मुलीला घेऊन तो चढ कशी चढते? मला हे कळवावं लागेल."

माझं टाळकंच सटकलं. "डॉक्टर, ती चाललीच कुठं? ती बाईसाहेबांच्या मागं होती! बाईसाहेबांना मागं टाकून ती पुढं गेली असती तर तिला गावात तोंड दाखवता आलं असतं का?" आणि मी सगळं सांगितलं. बाईनं कपाळावर हात मारून घेतला. म्हणाली, "मग उद्या पुन्हा घेऊ. एकटीची."

त्या सुजल्या पायांनी मी चढ चढून गेले. अलुमिता कसाव्याचे कंद किसत बसली होती, लोसाना चटईवर पडून किसाचे पांढरे तुकडे बोटांनी उडवत होती.

"बुबू, उद्या तू एकटी चालायचं. पुढं कुणी नाही. दाखव एकदा त्यांना!"

किसणी थांबली. "कशाला गं पुन्हा? झालं ते झालं."

"कशाला म्हणजे? पोरगी नेतील ना!"

तिनं कीस एका बाजूला सारला. मग म्हणाली, "बाईसाहेबांनाही बोलाव की सोबतीला."

"अगं, तिथंच तर घोडं पेंड खातं! म्हणून तर एकटीनं."

"बुबू... नको... जाऊ," लोसाना म्हणाली.

"तू गप गं. तुझ्यासाठीच चाललंय सगळं," मी तिला दटावलं, आणि उतरताना चक्क गुणगुणत उतरले. खूप वर्षांनी आपण कुणाच्या तरी कामी आलो असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी अर्धं गाव हॉलमध्ये. फुकटचा तमाशा कोण सोडतो? भिंतीला टेकून बायका, खिडकीत पुरुष, बाईसाहेब खुर्चीवर. अलुमितानं चर्चचा चांगला पोशाख घातला होता. कॅरल बाई म्हणाली, "चला," आणि ती निघाली.

पहिली खेप झपाझप गेली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी ओरडले, "शाब्बास बुबू! ओढ अशीच!" शंकूला वळसा घालताना तिचा हात भिंतीला लागला. वाटलं, तोल गेला असेल. पुढच्या खेपेला ती हळू झाली. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी. टाळ्या विरळ झाल्या, मग बंद पडल्या. माझ्या तोंडातून "चल बुबू" निघालं ते मलाच ऐकू आलं नाही. पुढं कुणी नव्हतं, वाट मोकळी होती, आणि ती कालच्यापेक्षाही सावकाश चालत होती. तोंड उघडं, ओठ पांढरे. मग हॉलच्या मधोमध थांबली, सुलू सावरला आणि जमिनीवर बसली.

कॅरल बाईनं घड्याळ खिशात टाकलं. पाणी घेऊन धावली. मी अलुमितापुढं गुडघ्यावर बसले.

"पुढं कुणी असलं की बरं असतं, वासिती," ती म्हणाली. "हळू चालायला कारण मिळतं."

ती हळूच बोलली, पण हॉलभर पोहोचलं. सगळ्यांनी ऐकलं. बाईसाहेबांनीही.

"कधीपासून हे?"

"ते नको विचारूस."

"सांगायचं नाही का मग?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत? पोरगीच नेली असतीत ना?"

मला राग आला, असा की कानशिलं तापली. तिचा, त्या लाल शंकूंचा, टाळ्या वाजवणाऱ्यांचा, कुणाचा ते ठरवता येईना. कॅरल बाईचे डोळे भरले होते, पण जे दिसलं ते तिला कळवावंच लागलं. तपासल्यावर अलुमिताचं हृदय दमलेलं निघालं. औषध मिळालं, चढ बंद सांगितला, आणि सुवाला लोसानासाठी खाट ठरली.

न्यायला दीपचंदचा ट्रक आला तो खाली डांबरी रस्त्यावर उभा राहिला. गावातले चार जवान गडी अलुमिताच्या दारात आले. "बुबू, आम्ही नेतो खाली पोरीला."

"इतकी वर्षं कुठं होतात रे?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "आता आजच्या दिवस राहू द्या."

मी अडवायला हवं होतं, माझं कामच ते. पण मी काय केलं, झोळीची गाठ घट्ट बांधून दिली. लोसाना खूश होती. ट्रकात बसायला मिळणार म्हणून सकाळपासून कसावासुद्धा खाल्ला नव्हता. तिचे केस तेल लावून चापूनचोपून बांधले होते.

आम्ही निघालो आणि पाहतो तर वाटेवर बाईसाहेब छत्री घेऊन उभ्या.  वळल्या आणि अलुमिताच्या पुढं चालू लागल्या. मी त्यांना जन्मभर चालताना पाहिलंय, पण इतकं सावकाश कधीच नाही. एक पाऊल, मग छत्री सावरायची, मग दुसरं पाऊल. त्यांच्या मागं अलुमिता, तिच्या मागं मी पोरीचं गाठोडं घेऊन, आणि माझ्या मागं सगळं गाव. पुढं जायची कुणाची छाती नव्हती. खालून दीपचंदनं हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. "अहो, सुवाला आज पोहोचायचंय ना?" म्हणून ओरडला. कुणी भरभर पाय उचलला नाही.

पहिल्या नीरफणसाखाली लोसानानं दोन्ही कान ओढले. अलुमिता थांबली. मागं वळून न बघताच बाईसाहेबही थांबल्या, छत्री मिटली, उघडली. दुसऱ्या झाडाखाली तसंच. तिसऱ्या झाडाखालीही. मग झाडं संपली, उतार संपला, सपाट रस्ता लागला, ट्रक अगदी समोर आला, आणि लोसानानं पुन्हा दोन्ही कान ओढले.

 मी चिडून म्हटलं, "आता इथं कुठला गं पोपट? झाड तरी आहे का?"

लोसानानं गाल आजीच्या मानेला टेकवला होता. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पोपट... कधीच... नव्हता. बुबूला... दम लागतो."

अलुमितानं मान वळवली नाही. फक्त झोळीखालचे तिचे हात एकदा घट्ट झाले. बाईसाहेब पुढं पाठमोऱ्या उभ्या होत्या, त्यांच्या खांद्यावरची छत्री हलत होती. दीपचंदनं हॉर्नवरचा हात काढला आणि ट्रकातून खाली उतरला. अलुमिताचा श्वास खाली बसेपर्यंत आम्ही सगळे तिथंच उन्हात उभे राहिलो.