तळहातावरची चिमूट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. चुन्यात मळलेल्या तंबाखूचा वास आला की चौसाळ्यातलं ते गूळ-मिरचीच्या वासाचं किराणा दुकान आठवतं. तंबाखू सोडलेल्यांच्या अभ्यासासाठी मी तिथं गेलो होतो, आणि स्वतः मात्र खात होतो. दुकानदार काही केल्या बोलेना. वैतागून मी तंबाखू मळली आणि रिवाजानं तळहात आधी त्याच्यापुढे धरला. “सायेब, तुमीच देताव, मंग न्हाई कसं म्हनू?” म्हणत त्यानं चिमूट उचलली. आतून बायको कडाडली, “पोरीची आन घेऊन सोडलती त्यांनी! तुमी सोडवायला आलाव का लावायला?” मग ओठात चिमूट धरूनच, तंबाखू कशी सोडली ते तो घडाघडा सांगत राहिला आणि मी लिहून घेत राहिलो. पुढे माझी सुटली, त्याची पुन्हा सुटली नाही. त्या दोघांची माफी मागायची अजून राहिली आहे.