चोपन्न सेकंदांचा कॉल

सुप्याच्या एमआयडीसीजवळ एका दूध संघाचं ऑफिस आहे. तिथे मी कॉल सेंटर बसवलं. शब्द मोठा आहे. प्रत्यक्षात एक खोली, चार खुर्च्या, चार हेडसेट आणि भिंतीवर आकडे दाखवणारा पडदा. जनावर आजारी पडलं की शेतकऱ्याने एकाच नंबरवर फोन करायचा, फोनवरच्या ताईंनी तक्रार लिहून घ्यायची आणि जवळच्या डॉक्टरला पाठवायचं. आधी हेच काम टेबलावरच्या दोन फोनवर चालायचं आणि बहुतेक एकट्या मोठ्या ताई, तिथल्या सगळ्यांत जुन्या, करायच्या. अकरा वर्षं केलं त्यांनी. पारनेर तालुक्यातल्या कितीतरी गोठ्यांना त्यांचा आवाज ओळखीचा होता.

म्हणून स्वागताचा संदेश मी त्यांच्याच आवाजात घेतला. वाक्यं लिहून दिली होती, पण त्या वाचायला लागल्या की शाळेत धडा वाचल्यासारखं व्हायचं. मी म्हणालो, "ताई, कागद ठेवा बाजूला. रोज बोलता तसं बोला."

त्या बोलल्या, "नमस्कार, पशुसेवा केंद्र. गाव कोणतं? जनावराला काय झालंय?"

एकदाच घेतलं आणि छान आलं. संदेशानंतर कोणी मोकळं होईपर्यंत वाजायचं संगीत मात्र मी बंद ठेवलं, कारण मोबाईलवर ते खरखरत होतं. त्या जागी शांतता राहिली.

तिसऱ्या आठवड्यात मॅनेजर साहेबांनी मला त्या खोलीतच, ताईंसमोर बोलावलं. रिपोर्टमध्ये शंभरातले अठ्ठावीस कॉल कोणी न उचलता तुटलेले होते. पाच-सहा तुटणं मी समजू शकतो, अठ्ठावीस नाही. बाकीच्या तिघी नव्या, खोली मोठ्या ताईंच्या ताब्यात, त्यामुळे साहेबांचा रोख त्यांच्यावर होता. त्यात त्याच वेळी एक शेतकरी तक्रार घेऊन आले.

"म्या काल सकाळी फोन केल्ता. गाय व्यालीय, बसलीय, उठंना, सगळं ताईला सांगितलं. दुपारपत्तूर डॉक्टर न्हाई. मग बाहेरचा आनला, त्यानं कॅल्शियमची बाटली लावली, तवा उठली."

"मामा, मी तुमच्याशी बोललेच नाही," ताई म्हणाल्या.

"आता तुमचा आवाज बी वळखत न्हाई व्हय मी?"

साहेबांनी रिपोर्टमध्ये त्या शेतकऱ्याचा नंबर शोधला. कॉल चोपन्न सेकंदांचा, उचललेला नाही. त्यांनी मला विचारलं, "रिपोर्ट चुकतो का?"

"रिपोर्ट बरोबर आहे," मी म्हणालो. ते खरंच होतं, पण माझ्या त्या तीन शब्दांनी ताईंची बाजू संपली.

"शनिवारपर्यंत बघतो," साहेब म्हणाले. "असंच राहिलं तर ताई, सोमवारपासून तुम्ही येऊ नका."

ताई हेडसेटची वायर बोटाभोवती गुंडाळत बसल्या.

मला ते चोपन्न सेकंद पटेनात. मी तुटलेल्या सगळ्या कॉलची यादी काढली. कंटाळून फोन ठेवणारा माणूस कधीही ठेवतो, कुणी दहाव्या सेकंदाला, कुणी दोन मिनिटांनी. इथे बहुतेक सगळे चाळीस ते सत्तर सेकंदांतले. त्याहून विचित्र म्हणजे यांतल्या जवळजवळ कुणीच लगेच दुसऱ्यांदा फोन केलेला नव्हता. ज्याचा फोन लागत नाही तो पुन्हा पुन्हा लावतो. ही माणसं काम झाल्यासारखी स्वस्थ बसली होती.

रेकॉर्डिंग ताईंनी फोन उचलल्यापासून सुरू व्हायचं. मी सेटिंग बदललं आणि ते कॉल लागल्या क्षणापासून सुरू केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तुटलेला पहिला कॉल ऐकला. ताईंचा संदेश संपला आणि पाठोपाठ आवाज आला, "हां ताई, रामराम. म्हशीनं सकाळपासून चारा घेतला न्हाई बघा. वस्ती तुमाला म्हाईत हाय, टाकीपाशी. जरा लवकर पाठवा. ठेवतो मग."

आणि ठेवला. समोर कोणीच नव्हतं, फोन उचलेपर्यंतची शांतता होती. ताई ऐकून घेतायत असं त्या माणसाला वाटलं. दुसऱ्या कॉलमध्ये तेच. तिसऱ्यात एक म्हातारे सगळं सांगून झाल्यावर म्हणत होते, "आज गप का ताई? तब्येत बरी हाय न्हवं?"

मी साहेबांना आणि ताईंना बोलावून तिन्ही ऐकवले. म्हाताऱ्यांच्या वाक्याला ताई हसल्या आणि मग डोळे पुसले. मी म्हणालो, "चूक ताईंची नाही. आवाज त्यांचा आहे, पण तिथे मी ठेवला. त्यापुढची शांतताही मीच ठेवली."



"मग सोमवारचं काय, साहेब?" ताईंनी विचारलं.

"सोमवारी या की. आणि त्या म्हशीकडं डॉक्टर पाठवा आधी."

एवढं ऐकून माझे खांदे खाली आले. ते दोन दिवस वर चढलेले होते हे तेव्हा कळलं. त्या दोन दिवसांत तुटलेल्या प्रत्येक नंबरवर ताईंनी स्वतः फोन केले. एकूण तेवीस निघाले, मी मोजले.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. संदेश काढून टाकला. आता उचलेपर्यंत नुसती रिंग वाजते. सगळ्या जणी कामात असतील तरच एक सूचना येते, "सगळ्या ताई दुसऱ्या फोनवर आहेत. ही टेप आहे, थांबा." ती साहेबांच्या आवाजात आहे. ही युक्ती ताईंची. "त्यांना कुणी आपणहून काही सांगत नाही," त्या म्हणाल्या. साहेब समोरच होते, तेही हसले.

पुढच्या आठवड्यात तुटलेले कॉल शंभरात चारवर आले. रिपोर्टवर सही घ्यायला मी गेलो तेव्हा ताई फोनवर होत्या. पलीकडचा माणूस आधी खात्री करून घेत असावा, कारण त्या म्हणत होत्या, "मीच आहे हो, टेप नाही. खोकून दाखवू का?" मग पेन उचलून म्हणाल्या, "हां, आता सांगा. गाव कोणतं?"