हंड्यावरचा कागद

माझी नात पुण्यात कंप्युटरवर लिलावाचं दुकान काढायलीय. कुणी जुनी खुर्ची टाकायची, कुणी कॅमेरा, आणि लोकांनी घरबसल्या बोली लावायची. परवा फोनवर म्हणाली, "आजी, तू मानवतला फळा चालवायचीस ना? बायकांचा विश्वास कसा बसवलास गं?" मी तिला फळ्याचं सगळं सांगितलं. हंड्याचं नाही सांगितलं. ते इथं लिहिते.

फळा म्हणजे शाळेतून टाकून दिलेला काळा फळा, आमच्या ओसरीवर टांगलेला. आमचे हे मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, कापसाच्या अडतीवर मुनीम होते. तिथं रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, शेजारी उभ्या माणसालाही कळायचं नाही कोण किती बोललं. मला त्याची लय गंमत वाटायची. पण बायकांनी कुणाची बोटं दाबायची, सांगा! म्हणून मी बिस्किटाच्या डब्याला फट पाडली. घरातली नको ती वस्तू ओसरीवर आणून ठेवायची, मी तिला नंबर चिकटवायची आणि फळ्यावर लिहायची. घेणारीनं वस्तूचा नंबर, आपला आकडा आणि नाव लिहून चिठ्ठी डब्यात टाकायची. बाजाराच्या दिवशी सगळ्यांसमोर डबा उघडायचा.

नियम एकच. वस्तू कुणाची, ते सांगायचं नाही. चांगल्या घरची बाई शिवणयंत्र विकायलीय म्हटलं की गाव काय बोलतं ते मला नवं नव्हतं. नाव नाही म्हटल्यावर मोठ्या घरच्या बायकाही पदराखाली झाकून वस्तू आणायला लागल्या. खेड्यांतून एसटीनं यायच्या.

विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळीकडं तापलेलं होतं, त्या दिवसांतली गोष्ट. झेडपीच्या शाळेतल्या एक बाई आल्या. बौद्ध होत्या. माझ्या लेकीला त्यांनीच अक्षरं गिरवायला शिकवली, आणि खरं सांगायचं तर मलाही. मी चौथीतून सुटलेली. माझा सात उलटा पडायचा, तो त्यांनी ओसरीवर बसून सरळ करून घेतला होता.

त्यांच्याकडं तांब्याचा मोठा हंडा होता, जाड पत्र्याचा. लेकीला औरंगाबादला कॉलेजात घालायची होती. "भांडेवाला मोडीचा भाव करतो, वहिनी," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं हंड्याचा भाव येईल." मग हंड्याच्या गळ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "फक्त हे नाव हाय बघा. चालंल का?"

भांड्यावर नाव घालायची आपल्याकडं रीतच आहे. त्यांच्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं, आडनावासकट.

"न चालायला काय झालं? नाव दिसायचं न्हाई हा तर नियमच हाय," मी म्हणाले. खळ घेतली आणि सात नंबरचा कागद बरोबर त्या नावावर चिकटवला. माझ्या हातानं.

डबा उघडला तेव्हा सातवर नऊ चिठ्ठ्या निघाल्या. सगळ्यात मोठा आकडा अक्कांचा. अक्का म्हणजे गावातल्या बागायतदाराची बायको. त्यांच्या घरी पूजा होती, पाणी भरायला हंडा पाहिजे होता. हंडा गेला, मला फार आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी अक्का हंडा टांग्यात घालून परत आल्या. चिंच लावून घासताना कागद निघाला होता. ओसरीवर पाच-सहा जणी बसलेल्या.

"काय गं, आमाला बाटवायला काढलंस व्हय?" अक्कांनी हंडा आदळला. ओला कागद माझ्यापुढं टाकला. "पूजा व्हायची हाय आमच्या घरी!"

मला काय बोलता आलं असतं, ते आज मला पाठ आहे. तेव्हा मी म्हणाले, "मला काय ठाऊक, अक्का? शाळेतल्या बाईंनी कागद लावूनच आणला व्हता."

"शिकलेली माणसं लय हुशार," एक म्हणाली.

"बिचारीनं मास्तरीण म्हणून विश्वास ठेवला," दुसरी म्हणाली. बिचारी म्हणजे मी.

आणि तेवढ्यात शाळा सुटली. बाई पैशासाठी ओसरीच्या पायरीवर आल्या आणि हंडा बघून थांबल्या. अक्का म्हणाल्या, "नाव लपवून खपवता व्हय हो, बाई? ही म्हणती, कागद तुमीच लावला."

बाईंनी अक्कांकडं बघितलंच नाही. मला विचारलं, "वहिनी, कागद कुणी लावला?"

मी फळा पुसायला लागले. फळ्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं.

बाई वाकल्या. तो कागद उचलून, उलगडून त्यांनी माझ्यासमोर धरला. "सात तुमचा हाय," एवढंच म्हणाल्या. तो सात ओसरीवरच्या प्रत्येक बाईनं फळ्यावर दर आठवड्याला बघितलेला होता. बाईंनी गळ्याला चिकटून राहिलेली खळ नखानं खरवडली, पुरतं नाव वाचता येईल एवढी. मग हंडा कमरेवर घेतला आणि मागच्या बोळानं न जाता भर बाजारातून घरी गेल्या.

हंडा मोडीत गेला. लेक औरंगाबादला गेली म्हणे, पण एक वर्ष उशिरा. बाईंची पुढं पालमला बदली झाली. तोवर मी भाजीला जायची ती शाळेवरून न जाता लांबच्या वाटेनं.

मला वाटलं होतं, आता फळा बसला. उलट जास्त चालायला लागला. आपल्यातल्या कुणाचं नाव राखायला ही बाई कुणासमोरही खोटं बोलेल, हे त्या दिवशी बायकांना कळलं होतं. पुढच्याच आठवड्यात अक्का स्वतः चांदीचे वाळे घेऊन आल्या, पदराखाली. "कागद नीट लाव गं," म्हणाल्या.

मी लावला.

नात विचारायलीय, विश्वास कसा बसवलास. आता तिला काय सांगू?