मोकळी सोडलेली जागा

माझ्या आवडत्या रॉक बँडचा कार्यक्रम कोथरूडमधल्या एका छोट्या हॉलमध्ये होता. गिटार वाजवणारा निखिल अपघातात गेल्यानंतर ते पहिल्यांदाच वाजवत होते. गर्दी बेताचीच होती. माझ्या शेजारी सुती साडीतल्या एक बाई कानांत कापूस घालून बसल्या होत्या. ही निखिलची आई, असं कुणीतरी मला हळूच सांगितलं.

एका गाण्यात मध्येच सगळे थांबले. फक्त ड्रम मंद वाजत राहिला.

"काय झालं? विसरले का?" त्यांनी विचारलं.

"नाही काकू. इथे निखिल एकटा वाजवायचा. त्याची जागा त्यांनी मोकळी सोडलीय."

त्यांनी कापूस काढला. "घरी तो वाजवायला लागला, की मी दार लावून घ्यायचे गं. तुला येतं ते?"

मला ते पाठ होतं. त्यांच्या कानाशी वाकून मी गुणगुणले. गेलेल्या माणसाचं काय काय कुठे कुठे उरतं! आईकडे नसलेलं माझ्यासारख्या परकीच्या बेसूर गळ्यात होतं.

"पुन्हा म्हण," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात सगळी वाद्यं एकदम सुरू झाली. मी म्हणत राहिले. माझं मलाही ऐकू येत नव्हतं, पण काकूंनी कान बाजूला केला नाही.