एका माशाला दोन दोऱ्या

पोथी वाचताना षड्रिपूंची नावं आली की काम, क्रोध, लोभ मी ठणठणीत आवाजात वाचते आणि शेवटच्या नावापाशी आले की पान उलटायची घाई करते. ते शेवटचं नाव मत्सर. माझा आणि त्याचा घरोबा जुना आहे. बाकीचे पाच रिपू येतात-जातात, हा मात्र घरजावयासारखा बसूनच असतो. मला जो अनुभव आला तो त्याच्यामुळेच आला, म्हणून आधी त्याचं नाव घेऊन टाकते.

चैत्र सरत आला होता. आम्ही जालन्याहून मालवणला निघालो होतो, धाकट्या दिरांकडे. सामान बांधून झालं आणि आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, देव्हाऱ्यातला देवीचा टाक उचलला, तांबड्या फडक्यात गुंडाळला आणि स्वतःच्या पिशवीत घातला. चांदीच्या पत्र्यावर उठवलेली आमच्या कुलदेवीची ती बोटभर मूर्ती. अंबडची मत्स्योदरी. तिची टेकडी माशाच्या आकाराची, म्हणून तिचं ते नाव, आणि म्हणूनच आमच्या घरात मासा उंबऱ्याच्या आत येत नाही. हा टाक घराबाहेर पडतो तो नवरात्रात अंबडला देवीच्या भेटीसाठी, नाहीतर घरातले देव दुसऱ्याकडे सोपवायचे असतील तेव्हा. नवरात्र तर लांब होतं. मी विचारलं, टाक कशाला सोबत घेताय? त्या म्हणाल्या, "बघू." एवढ्या एका शब्दावर जालन्यातल्या आमच्या मस्तगडपासून मालवणपर्यंत मी जळत गेले.

कारण मला उत्तर ठाऊक होतं. टाक रेशमाला जाणार होता. रेशमा माझी धाकटी जाऊ. संतोष भावजी बोटींची इंजिनं दुरुस्त करायला मालवणला गेले, तिथल्या एका बोटवाल्याची मुलगी त्यांना आवडली आणि ते तिथलेच झाले. आता सासऱ्यांच्या बोटीतून ते पर्यटकांना गळाने मासे धरायला खोल समुद्रात नेतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला समुद्र शांत असतो, तेव्हा त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. आत्याबाई दर उन्हाळ्यात थोडे दिवस तिकडे राहून येतात आणि पुढं वर्षभर मला ऐकवतात. रेशमाच्या हातचं आमसुलाचं सार, रेशमाचं हसणं, रेशमा कशी पाय चेपून देते. वर्षभर त्यांच्या गोळ्यांच्या वेळा मी सांभाळायच्या, गुडघ्याला तेल मी लावायचं, आणि गुणगान त्या चार दिवसवालीचं! जावाजावा उभा दावा म्हणतात, पण आमच्यात दावा एकटी मीच मांडून बसले होते. तिला त्याचा पत्ताही नव्हता, आणि तेच मला जास्त झोंबायचं.

टाकाचं मात्र नुसतं रुसण्यापुरतं नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या देव्हाऱ्यापुढं मी बसते आहे. मूल होत नव्हतं तेव्हा मी नवऱ्यापुढं नाही, आईपुढं नाही, त्या बोटभर चांदीपुढं रडले. मुलगी झाली तेव्हा पहिली तिच्यापुढं ठेवली. आत्याबाईंनी घरातलं सोनंनाणं सगळं रेशमाला दिलं असतं तरी मी तोंड वाकडं करून गप्प बसले असते. पण देवी गेली तर मी पहाटे उठून कोणापुढं बसायचं? शिवाय तिला न्यायचं कुठं, तर जिथं अंगणात मासे वाळतात त्या घरात. वाटेत गाडीत ह्यांना, म्हणजे माझ्या मालकांना, मी तेच सांगत होते, की हे देवीच्या रीतीला धरून नाही. ते म्हणाले, "तुला रीतीचं पडलंय का रेशमाचं?" मत्सराला मी सोवळं नेसवलं होतं आणि ते ह्यांना आरपार दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून आलेल्या चार-पाच पर्यटकांची फेरी होती. बोटीत जागा होती म्हणून भावजी म्हणाले, तुम्हीही चला. आत्याबाईंना समुद्र आतून बघायचा होता. हे "आपल्याला जमीनच बरी बा" म्हणून काठावरच थांबले. आत्याबाई बोटीत मधल्या फळीवर बसल्या, पिशवी मांडीवर आणि एक हात पिशवीच्या आत. टाकावरचा हात त्यांनी शेवटपर्यंत काढला नाही. किनारा मागं पडला तशी मी लिंबू नाकाशी धरून डोळे मिटले. उघडले की समोर रेशमा. हलत्या बोटीत कशालाही न धरता उभी, पदर खोचलेला, कोणाच्या गळाला आमिष लाव, कोणाची गुंतलेली दोरी सोडव, मधूनच आत्याबाईंना विचार, ऊन लागतंय का? आत्याबाई तिच्याकडे बघून हसत होत्या. तसं हसणं मी जालन्यात फार कमी वेळा पाहिलं आहे. मला मळमळत होतं ते सगळं समुद्रामुळे नव्हतं.

खडकाळ जागा आली, तिथं भावजींनी इंजिन बंद केलं आणि बोट पाण्यावर सोडून दिली. सगळ्यांनी दोऱ्या सोडल्या. रेशमाने एक दोरी माझ्यापुढं केली. खाली शिशाचं वजन, त्याच्यावर गळ, गळाला आमिष म्हणून माकुल माशाचा पांढरा तुकडा. मी नको म्हटलं. आत्याबाई म्हणाल्या, "धर की गं, कुठं खायचाय? बघ तर." मी बोटीच्या एका बाजूला बसले, रेशमा दुसऱ्या बाजूला. आणि दोरी पाण्यात सोडता सोडता माझ्या मनात जे आलं ते मी देवीला सांगून टाकलं. आमच्याकडे अडलं की कौल लावतात. मूर्तीला फूल चिकटवायचं आणि मनात प्रश्न धरायचा. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. मी म्हटलं, आई, इथं फूल नाही, ही दोरीच तुझं फूल. आम्हा दोघींत मासा पहिल्यांदा माझ्या गळाला लागला तर तू माझी. तिच्या लागला तर मी एक शब्द बोलणार नाही. माशाचं नाव धारण करणाऱ्या देवीला मी मासा मारून कौल मागत होते, हे त्या वेळी माझ्या डोक्यातही आलं नाही. मत्सराला एवढी अक्कल नसते.

बराच वेळ काही झालं नाही. पर्यटकांना बारीकसारीक मासे लागत होते, ते मोबाइलवर फोटो काढत होते. मी मात्र रेशमाच्या दोरीकडे बघत होते, माझ्या दोरीकडे कमी. तिची दोरी जराशी हलली की मी माझी घट्ट आवळायचे. आणि मग माझ्या हाताला हिसका बसला. असा की दोरी बोटांतून सरसरत गेली आणि कातडी सोलली. मी ओरडले. त्याच क्षणी पलीकडे रेशमाही उठली, तिच्याही दोरीला ओढ लागली होती. आता दोघी ओढायला लागलो. ती सवयीने, एक हात मग दुसरा हात, आणि मी आडातून घागर ओढावी तशी, दात-ओठ खाऊन. तिच्या आधी माझा वर आला पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. माझा हात सैल पडतोय असं बघून तिने तिकडून हाक दिली, "सोडू नको गो ताई!" तेव्हासुद्धा मला वाटलं, ही मला शिकवते आहे.

मासा वर आला तो एकच. तांबूस, हातभर लांबीची तांबोशी. माझा गळ तिच्या पाठीवरच्या काट्यात रुतलेला आणि रेशमाचा तिच्या ओठात. दोन्ही दोऱ्या एकमेकींना वेणीसारखा पीळ घालून बसल्या होत्या. बोट वाहते तेव्हा दोऱ्या खालून एकमेकींत जातात, असं नेहमी होतं, भावजी म्हणाले. असेल. मी त्यांच्याशी वाद घालणार नाही आणि वाचणाऱ्यांशीही घालत नाही. मी एवढंच सांगते की मला रेशमाकडे बघवत नव्हतं. मी देवीला तिची का माझी असं विचारलं होतं. तिने माझा प्रश्नच मोडीत काढला होता.

रेशमाने हात ओला करून मासा धरला, पोटावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, हिच्या पोटात अंडी आहेत. पर्यटक खूश झाले, त्यांना ती मेजवानी वाटली. आत्याबाईंनी मात्र पिशवीत नसलेला हात कपाळाला लावला. त्या म्हणाल्या, "लेकुरवाळी हाय. सोडा बाई तिला." भावजींनी पर्यटकांकडे पाहिलं, ते जरा कुरकुरले. रेशमा कोणाकडे न बघता गळ काढायला लागली. ओठातला तिने काढला, पाठीतला मला काढायला लावला. माझी बोटं माशाला पहिल्यांदा लागली ती अशी. मग तिने वाकून तो पाण्यात धरला, थोडा वेळ तसाच, आणि हात उघडला. शेपटीचा एक फटका आणि खाली निळं पाणी.

दुपारी रेशमाच्या माहेरच्या अंगणात पर्यटकांचे मासे तळले गेले. तिने त्यांना आग्रहाने वाढलं. ते उठून गेल्यावर ती आमच्यासोबत पडवीत बसली आणि तिने स्वतःच्या ताटात भात, डाळ आणि लोणचं घेतलं. मला वाटलं, आमच्यासमोर लाजत असेल. मी म्हटलं, "खा की, आम्हाला चालतं." तिने भातावर डाळ ओतली. तिच्या आईने मात्र आतून सांगितलं, आणि आवाजात राग होता. "लग्न झाल्यापासून मासो खाणा नाय ती. सांगान सांगान दमलंय मी." मी रेशमाला विचारलं, तुला कोणी सांगितलं सोडायला? भावजींनी? ती म्हणाली, कोणीच नाही. तुमच्या देवीच्या घरात खात नाहीत असं कळलं, मग मी कशी खाणार? हे ती मीठ वाढ म्हणावं इतक्या साधेपणाने म्हणाली आणि भात कालवत राहिली.

मासा न खाण्याचा मला केवढा अभिमान! पण मी मासा सोडला कधी? माझ्या माहेरी तो नव्हताच, त्याच्या वासानेही मला उलटी येते. मला जे कधी नकोच होतं ते मी देवीला वाहिलं, आणि हिने जे आईच्या दुधापाठोपाठ चाखलं होतं, जे रोज हाताने कापते, तळते, परक्यांना वाढते, ते न सांगता सोडलं. आणि गाजावाजा मात्र मी करत होते. पुन्हा मत्सर वाटला, खोटं कशाला बोलू. पण या वेळचा निराळा होता. टाक तिला मिळेल म्हणून नव्हे, ती देवीच्या माझ्यापेक्षा जवळ आहे म्हणून वाटला. या मत्सराला भांडायला जागाच नव्हती.

संध्याकाळी आत्याबाईंनी आम्हा दोघींना बोलावलं. पाटावर तांबडं फडकं उलगडलेलं, त्यात टाक. त्या म्हणाल्या, "मी आता थकले. एकीनं उभा जल्म सेवा केली, एकीनं तोंड बांधून घेतलं. मला बिलकुल ठरवता येईना. मंग म्हन्लं, हिलाच संगं न्यावं, हीच दावील. सकाळी दोऱ्या पाह्यल्या मी. आता तुमचं तुम्ही बघा." म्हणजे त्यांनी "बघू" म्हटलं होतं ते खरंच बघूच होतं. मी वाटभर जळले ते उगाच.

मी टाक उचलला. रेशमाला पदर पसरायला सांगितलं. पदर पसरला गेला आणि माझी मूठ उघडेना. सकाळी दोरीने सोललेली बोटं दुखत होती, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. ते खरं कारण नव्हतं. इतकी वर्षं मी आरतीनंतर म्हणत आले, आई, सगळं तुझंच आहे. ते म्हणायला सोपं होतं, कारण तीच माझ्या मुठीत होती. मला सकाळचा रेशमाचा हात आठवला, पाण्यात मासा धरलेला, मग उघडलेला. मी बोटं उघडली. टाक तिच्या पदरात पडला. मी रडले, आणि ते आनंदाने नव्हे. सोडताना दुखलंच.

रेशमा घाबरली. म्हणाली, "ताई, मला तुमच्यासारखं काय येत नाही गो. नवरात्रात तुम्ही फोनवर आरती ऐकवता, तेव्हा मी इकडे जळते, की ती तुमच्याकडे आहे आणि मला दिवा लावायलासुद्धा नाही." माझा हेवा? माझा? मग मी डोळे पुसले आणि तिला सांगितलं, चुकलं तर फोन कर, ओटीचं सामान मी पाठवीन, आणि मंगळवारी केस धुवायचे नाहीत. थोरली जाऊ एका दिवसात मरत नाही.

शेवटी बोटीच्या कामानेच वाट दाखवली. पावसाळ्याच्या तोंडावर मासेमारी बंद होते, बोटी वर ओढून माडाच्या झापांनी झाकतात, तेव्हा रेशमा मोकळी असते. ती टाक घेऊन जालन्याला येते. देवी नवरात्र होईपर्यंत आमच्याकडे राहते, अंबडच्या भेटीला आम्ही दोघी मिळून जातो, आणि दसरा झाला की ती पुन्हा समुद्राकाठी. देवीचं माहेर जालना की मालवण यावर आमचं दरवर्षी भांडण होतं. ज्या महिन्यांत ती नसते तेव्हा मी पहाटे देव्हाऱ्यातल्या रिकाम्या जागेपुढं बसते. तिथं हळदीकुंकवाचा डाग आहे, त्यालाच फूल वाहते. कधी कधी तो शेवटचा रिपू येऊन शेजारी बसतो आणि म्हणतो, आत्ता ती तिकडे दिवा लावत असेल. असू दे. आई, तू मागितल्याहून थोडं कमी दिलंस म्हणून मला एवढं मिळालं, हे मला आता समजतं.

मागच्या वेळी रेशमाने फडकं सोडलं तेव्हा टाकाला खारा वास येत होता, किंचित मासळीचा. ती ओशाळून म्हणाली, थांबा ताई, आधी विभूतीने घासून देते. मी म्हटलं, राहू दे, आज अशीच बसू दे, आणि तशीच तिला देव्हाऱ्यात ठेवली.