खाडीतल्या आईचं गाणं

गौरीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी करावे गावात बायका गाण्याला बसल्या की बुडालेल्या आईचं गाणं सरस्वतीबाईंनीच म्हणायचं, हे ठरलेलं. खाडीत बुडालेली बाई भरतीबरोबर घरी येते, तान्ह्याला पाजते आणि ओहोटी लागली की निघून जाते, असं ते गाणं. सरस्वतीबाई अकरा वर्षांच्या असताना त्यांची थोरली बहीण अरुणा शिंपल्या काढायला गेली आणि भरतीत बुडाली. ‘ये गो बाय, ये’ ही ओळ त्या तिलाच उद्देशून म्हणत. हे कुणाला ठाऊक नव्हतं.

यंदा गौर विमलबाईंकडे होती. त्या कौतुकानं म्हणाल्या, “आज आमची सुचिता म्हनेल.” नवी सून, करंजाड्याची, बँकेत नोकरीला. गाणं शिकली होती ती मोबाइलवर फिरणाऱ्या सरस्वतीबाईंच्याच व्हिडिओवरून!

सुचितानं डोळे मिटून सुरुवात केली. पाजण्याच्या ओळीला तिचा आवाज इतका बारीक झाला की बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सरस्वतीबाई जळल्या. आपल्या गाण्याला बायका मान डोलवायच्या, रडल्या कधीच नव्हत्या.

“चाल चुकली तुजी,” त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. “भरतीचं पानी असं नाय चढत.”

नंतर सुचिता चहा घेऊन आली तेव्हा हळूच म्हणाली, “मावशी, मी नऊ महिन्यांची असताना आई गेली. गाण्यातली बाई घरात शिरते ना, तेव्हा वाटतं, ती माझ्यासाठीच आली.”

दया यायला हवी होती. पण सरस्वतीबाई आणखीच जळल्या. हिची आई येते. आपण साठ वर्षं हाका मारतोय, अरुणा एकदाही आली नाही. येईल कशी? गाण्यातली बाई लेकरासाठी येते. काठावरच्या बहिणीला त्या गाण्यात जागाच नाही.

पंधरा दिवस त्या विमलबाईंच्या दारावरून गेल्या नाहीत. मग एका सकाळी स्वतःच सुचिताकडे गेल्या. “आईचं गानं तू म्हन,” त्या म्हणाल्या. “मी एक कडवं बांधलंय, बहिनीचं. ते माजं.”

पुढच्या गौरीला दोघी शेजारी बसून गायल्या. बायका रडल्या त्या सुचिताच्याच ओळींना. सरस्वतीबाईंना ते टोचलंच. तरी आपलं कडवं त्यांनी दोनदा म्हटलं.